विमानात पहिल्यांदाच हो म्हणा

मला कोणी विचारलं नाही, थेट तिकीटच आलं. लंडनला राहणाऱ्या माझ्या मुलाने, महेशने, ते सायलीच्या फोनवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "आयेला विचारू नकोस, ती नको म्हणेल. बॅग भरायला घे."

सायली म्हणजे माझ्या लेकीची मुलगी. रत्नागिरीत कॉलेजात शिकवते आणि फावल्या वेळात हा ब्लॉग चालवते. मला अक्षर येत नाही. मी बोलते, ती लिहिते. मध्येच ती माझं बोलणं सुधारायला बघते, म्हणून मी प्रत्येक ओळ तिला परत वाचायला लावते. तेव्हा खाली आहे ते सगळं माझं, शुद्धलेखन तेवढं तिचं.

तिकीट बिझनेस क्लासचं होतं. माझे दोन्ही गुडघे बदललेले, नऊ तास पाय दुमडून बसणं मला जमलं नसतं. महेश कामासाठी सारखा विमानाने फिरतो, त्याचे म्हणे पॉइंट साठतात. चहापावडरीच्या पाकिटातली कुपनं साठवून बायका स्टीलची वाटी आणतात, तसं त्याने आईसाठी विमानातला पलंग आणला. खरी किंमत किती, असं मी सायलीला विचारलं. तिने सांगितली. मी हातातला तांब्या खाली ठेवला. तेवढ्यात आमच्या वाडीची विहीर बांधून वर पंप बसला असता. आकडा लिहू नको म्हटलं, वाचणाऱ्याच्या छातीत कळ येईल.

आता खरं सांगते. मला लंडन बघायचं नव्हतं. मला माझ्या सुनेला, रेवाला, एकच प्रश्न विचारायचा होता: "बाळंतपणाला मला का नाही बोलावलंस?" रेवा मराठीच, पण जन्मली आणि वाढली तिकडे. आठ वर्षांपूर्वी तिचे दिवस भरत आले तेव्हा तिने फोन करून विचारलं होतं, "आई, तुम्ही बाळंतपणाला येणार का?" मी म्हटलं, "नको गो, माझं काय काम तिथे." तिने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पुढचा फोन आला तो मुलगा झाल्याचा. आता तुम्हीच सांगा, असं कोणी एकदा विचारून मोकळं होतं? मी आठ वर्षं तो प्रश्न जपून ठेवला होता. नातवाला, ईशानला, फक्त फोनच्या काचेत बघितलं. प्रश्न विचारला तर घरात भांडण होईल हे कळत होतं, नातू परत काचेत जाईल हेही कळत होतं. तरी मी विचारणार होते.

आधी व्हिसाचं. त्यासाठी मुंबईला एक खेप झाली. तिथे मला मोठी गंमत बघायला मिळाली. जन्मभर मी अंगठा लावला म्हणून बँकेतले लोक गालात हसले. इथे कोटटायवाल्या साहेबालासुद्धा दहाच्या दहा बोटं काचेवर लावायला लावली. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "मला एकच लावायची सवय, तुम्ही माझ्या पुढे गेलात."

सामानाचं नीट ऐका. बिझनेस क्लासला दोन मोठ्या बॅगा चालतात आणि वजनही इतरांपेक्षा जास्त चालतं. पण काय न्यायचं ते आधी विचारून घ्या. दुधातुपाचं काही नको, असं सायली म्हणाली आणि तिने माझे लाडू काढून ठेवले. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि सांडगी मिरची राहिली. कोकमाचं आगळ पातळ, ते हातातल्या पिशवीत ठेवू नका, काढून घेतात. ते घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका. त्या बॅगेच्या तळाशी मी एक गाठोडं ठेवलं. सायलीने विचारलं, "यात काय गो आजी?" मी म्हटलं, "जुने कपडे." ते खोटंही नव्हतं.

आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी मुंबईला निघालो. रत्नागिरीचं स्टेशन गावापासून लांब, चढावर, त्यामुळे रिक्षा आधीच सांगून ठेवा. चिपळूणला गरम बटाटेवडे घेतले. विमानतळाजवळच्या एका लॉजवर रात्र काढली. सकाळी मी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पिशवीत घालायला गेले, तर सायलीने तीही काढली. म्हणाली, "आजी, तिथे एवढं खायला देतात की तू दमशील. आणि त्या चटणीच्या वासाने विमान परत फिरवतील." मी ऐकलं. पहिली चूक ती.

सायलीला विमानतळाच्या दारातच थांबवलं. पुढे मी एकटी. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवलेली होती, तुम्हीही ठेवा. ढकलणारे मामा वयाने माझ्याहून फार लहान नसावेत. मला लाज वाटली. म्हटलं, "तुम्ही बसा जरा, मी ढकलते." ते म्हणाले, "बसा हो मावशी, माझी नोकरी घालवाल." रांगेत शंभर माणसं उभी होती, आणि आम्ही वेगळ्या दाराने, गणपतीला आलेल्या मंत्र्यासारखे, भर्रकन पुढे. त्या शंभरांपैकी एकाच्याही नजरेला मी नजर दिली नाही.

मग मामांनी मला एका दिवाणखान्यात नेऊन बसवलं. त्याला लाउंज म्हणतात. विमान लागेपर्यंत बिझनेस क्लासवाल्यांनी तिथे बसायचं. बघते तर काय, भिंतीच्या कडेने पातेली मांडलेली, भात, भाज्या, पोळ्या, डोसे, फळं, केक. मला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे. पण यजमान दिसेना. लोक येत होते, स्वतःच्या हाताने ताट भरत होते, कोणाला न विचारता परत जाऊन पुन्हा भरत होते. ज्या घरात "या, बसा, जेवून घ्या" म्हणणारं कोणी नाही, तिथे आपण ताट घेऊन कसं उभं राहायचं? दीड तास मी त्या पक्वान्नांकडे बघत बसले आणि पाणी प्यायले. वाचणाऱ्यांनो, ते सगळं तिकिटातच असतं. उठा आणि घ्या. कोणी बोलावणार नाही.

विमानात पाय ठेवला तर एक मुलगी नाव घेऊन नमस्कार करते. माझं नाव. आमच्या ह्यांनीसुद्धा कधी घेतलं नाही. जागा म्हणजे खोलीच, कडेला बुटकी भिंत, समोर टीव्ही, पाय ठेवायला कोनाडा. बटण दाबलं की खुर्ची आडवी होते आणि पलंग तयार. मी चुकून आधीच दाबलं आणि विमान जमिनीवर असतानाच मी आडवी. ती मुलगी धावत आली, तिने मला उभी केली. तर लक्षात ठेवा, उडताना आणि उतरताना खुर्ची सरळ. आणि आडवं होण्याचा संकोच करू नका. मला तर भर दुपारी अनोळखी पुरुषांच्या रांगेत लवंडायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. पलीकडचा एक तर उडायच्या आधीच घोरायला लागला.

गरम ओला टॉवेल देतात. तो हात आणि तोंड पुसायला. मी मान पुसली, दंड पुसले, मग पायापर्यंत पोचले, आणि तेव्हा मला इतरांचे टॉवेल घडी घालून ताटलीत परत गेलेले दिसले. माझा मी घडी घालून, स्वच्छ बाजू वर करून दिला.

आता मुख्य गोष्ट. मुलगी सरबत घेऊन आली. मी म्हटलं, "नको." ती हसली, गेली. काजू-बदाम आणले. मी म्हटलं, "नको बेटा." गेली. मग माझ्या हातात एक जाड कागद दिला, त्यावर जेवणाची नावं असतात. चित्र एकही नाही, त्यामुळे सरळ धरलाय की उलटा तेही कळेना. मी पोथी धरावी तसा धरला आणि वरून खाली नजर फिरवली. ती वाकून म्हणाली, "माँजी, क्या लेंगी आप?" पोटात कावळे ओरडत होते. पण आपली रीत काय? पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा "कशाला उगाच" म्हणायचं. तिसऱ्यांदा समोरच्याने हात धरला की "बरं, अर्धीच वाढा" म्हणायचं. खादाड म्हणून कोणी नाव ठेवू नये, आणि वाढणाऱ्यालाही आपण त्याला किती हवेसे आहोत ते दाखवायला जागा मिळावी. म्हणून मी म्हटलं, "कुछ नहीं चाहिए बेटा."

"ठीक है माँजी," ती म्हणाली आणि कागद काढून घेऊन गेली.

माझ्या आजूबाजूला पांढरी फडकी अंथरली, काचेचे पेले, खऱ्या चिनी मातीच्या बश्या, वाफा येणारं जेवण. माझ्यासमोर कोरं टेबल. मला वाटलं, आता येईल, म्हणेल, "अहो असं काय, थोडं तरी घ्या." आली ती खिडक्या काळ्या करायला. बाहेर लख्ख ऊन आणि आत एका बटणावर रात्र. दिवे मालवले आणि सगळं विमान झोपलं. एवढ्या किमतीच्या पलंगावर, मऊ दुलईत, मी उपाशी.

तास दोन तास गेले असतील. मधल्या गल्लीपलीकडे एक मिशीवाला गृहस्थ जागा होता. तासगावकडचा, द्राक्षं परदेशी पाठवणारा. मघाशी माझी पिशवी वर ठेवायला त्याने मदत केली होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आज्जी, जेवला न्हाईसा?"

"भूक नाही हो."

"मग मगापासनं पोटातनं गुरगुर कुणाची येतीया? इंजिनाची म्हनायची व्हय?"

मी दुलई सारखी केली. मग म्हटलं, "ती परत विचारेल म्हणून थांबल्येय."

त्याने हातातला चहा खाली ठेवला. "आज्जी, ती परत इचारत न्हाई. मी पयल्या टायमाला असाच ऱ्हायलो, पार उतरंस्तवर. इकडं पयल्यांदाच व्हय म्हनायचं. हितं बटन हाय बघा, दाबा."

"असं कसं हाक मारायची? काय म्हणेल ती?"

"दाबा वो. त्यासाठीच हाय ती."

मी दाबलं. मुलगी आली. मी माझ्या हिंदीत म्हटलं, "बेटा, हमको भूक लगा है."

तिने कपाळावर हात मारला. "माँजी, आपने तो मना किया था."

"वो तो ऐसेच बोला था. तुमने फिर से पूछा क्यों नहीं?"

ती गुडघ्यावर बसली, माझ्या तोंडासमोर तोंड आणून अगदी खरं सांगावं तसं म्हणाली, "माँजी, हमें यही सिखाते हैं. किसी ने एक बार मना किया तो दोबारा पूछकर उसको तंग नहीं करना. उसकी बात की इज़्ज़त रखनी है."

तिने डाळ आणली, भात, पनीर, गरम पाव, खीर. तासगाववाला पलीकडून म्हणाला, "खावा आज्जी, लाजू नका. आनि ऐका, उतरताना ती छोटी पिशवी न्यायची बरं का, तेल-बील, मोजं असत्यात त्यात. पिशवी आपली, दुलई त्यांची." हा नियम लिहून ठेवा. मी दुलईची घडी घालायला घेतली होती, ती नेमकी कशासाठी हे त्याने ओळखलं असावं.

पोट भरलं, पण झोप उडाली. पुन्हा विचारणं म्हणजे तंग करणं. गेल्या कित्येक वर्षांत असा धक्का मला बसला नव्हता. फोनवर "बरं" म्हणणारी रेवा मला आठवली. ती अशाच मुलींमध्ये वाढलेली, अशाच शाळेत शिकलेली. मी नऊ तासांतले चार तास उपाशी राहिले, त्यात त्या मुलीचा दोष किती होता? आणि मग त्या आठ वर्षांचा हिशोब मला घालवेना.

लंडनला उतरले तेव्हा तिकडे संध्याकाळचं ऊन होतं. ईशान महेशच्या मागे लपून माझ्याकडे बघत होता. काचेतल्यापेक्षा हडकुळा. घरी पोचल्यावर रेवा म्हणाली, "आई, चहा घेणार?"

माझ्या ओठांवर "न" आला होता. मी तो गिळला. म्हटलं, "हो. साखर कमी."

तिने वळून माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

दोन दिवस मी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी महेश कामावर, ईशान शाळेत. रेवा घरूनच काम करते. ती चहाला थांबली तेव्हा मी ते गाठोडं आणून तिच्यासमोर टेबलावर सोडलं. माझ्या जुन्या लुगड्यांची सहा दुपटी, एक कुंची, काळ्या मण्यांची मनगटी, आणि पुरचुंडीत वेखंडाचं कांडं.

"हे काय आई?"

"तुझ्या बाळंतपणाचं."

ती कुंची हातात धरून राहिली. "पण तुम्ही नको म्हणाला होतात."

"म्हणाले होते. तू परत विचारशील म्हणून बॅग भरून बसले होते. दीड महिना ती माझ्या पलंगाखाली होती. पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता."

रेवा खुर्चीत बसली. हळूहळू म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला मी आवडत नाही. म्हणून महेशलाही म्हटलं, आईंना परत विचारू नको, त्यांच्यावर दडपण येईल. माझी आई तर आधीच गेली होती. बाळाला अंघोळ कशी घालायची, ते मी फोनवर बघून बघून शिकले. रोज रडायचे, मग त्याला पाणी घालायचे."

विमानातला पलंग, दुपारची रात्र, फुकटची पक्वान्नं, सगळे धक्के या एका वाक्यापुढे काहीच नाहीत. आठ वर्षं मी माझा मान जपत बसले होते आणि तिकडे आई नसलेली पोर तान्ह्याला कशी धरायची ते एका यंत्राला विचारत होती. जो प्रश्न विचारायला मी समुद्र ओलांडला होता, त्याचं उत्तर मीच होते.

मी म्हटलं, "चुकलं गो माझं." हे वाक्य मी माझ्या सासूपुढेही कधी बोलले नव्हते.

"माझं पण चुकलं, आई."

"तुझं नाही. तू विचारलं होतंस."

ईशान शाळेतून आला तेव्हा आम्हा दोघींचे डोळे सुजलेले. त्याने कुंची डोक्यावर घालून बघितली, बसेना. मग मुठीवर चढवली आणि मूठ हलवून मला म्हणाला, "हॅलो आजी." आठ वर्षांच्या पोराची मूठ, पण कुंचीत बरोब्बर मावली.

पुढचे पाच आठवडे कसे गेले ते विचारू नका. राजवाडा बघितला, बाहेरून. नदी बघितली, आमच्या खाडीपेक्षा अरुंद. रेवाला मी कुळथाची पिठी शिकवली आणि तिने मला लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला हसायचं शिकवलं. जेवताना मात्र गोंधळ व्हायचा. ती आता शिकली होती, तीनतीनदा विचारायची. मीही शिकले होते, पहिल्यांदाच हो म्हणायचे. त्यामुळे दोघींच्या शहाणपणात मला रोज दोन पोळ्या जास्त पडायच्या. महेश म्हणाला, "आये, आता थांबव कुणीतरी." आम्ही कोणीच थांबवलं नाही.

परतीच्या विमानात मी सराईत. सरबताला हो, काजूला हो, कागद मुलीच्या हातात परत देऊन म्हटलं, "बेटा, पढ़कर सुनाओ." तिने नाव न नाव वाचून दाखवलं आणि मला कसलीच लाज वाटली नाही. बटण दोनदा दाबलं. शेजारी एक बाई सारखं "नो, थँक यू" म्हणत होती आणि हळूच ट्रॉलीकडे बघत होती. मी तिला खुणेने बटण दाखवलं.

घरी येऊन आता दोन महिने झाले. लोक विचारतात, काय आणलंस? ती छोटी पिशवी आणली. तेल संपलं, मोजे मी पहाटे फुलं काढायला जाताना घालते. दुलई नाही आणली, आठवण मात्र येते. आणि घरी आलेल्याला मी अजून तीनदाच विचारते. रीत सोडायची नसते, समोरचं माणूस कुठलं आहे तेवढं बघायचं असतं.

गेल्या रविवारी रेवाचा फोन आला. सायलीने तो स्पीकरवर ठेवला. मी म्हटलं, "मे महिन्यात तिघं या. आंबे आहेत, ईशानला आठवडाभर सुट्टी आहे."

रेवा म्हणाली, "नको आई. तुम्हाला कशाला उगाच त्रास."

माझ्या तोंडावर "बरं" आलं होतं. तिच्या बोलण्याचा मान ठेवायचा, तंग करायचं नाही, एवढं मी शिकून आले होते. पण आवाज मला जरा ओळखीचा वाटला. मी थांबले आणि विचारलं, "रेवा, हे तुमच्याकडचं नको आहे, की आमच्याकडचं?"

मग ती हसली. म्हणाली, "तुमच्याकडचं."

मग मी पदर खोचला आणि दुसऱ्यांदा विचारायला सुरुवात केली.